आजार चिवट, की उपचार अर्धवट? वाचकांच्या आरोग्य-शंका

या महिन्यातल्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे : औषध चालू आहे, पण गुण नाही. म्हणून अशीच पत्रं निवडली आहेत. उत्तरांत औषधांची नावं आणि मात्रा मुद्दाम दिल्या आहेत, म्हणजे डॉक्टरांशी बोलताना काय विचारायचं ते कळेल. मेडिकलवर जाऊन स्वतःच घ्यायला त्या दिलेल्या नाहीत.

प्रश्न : आमच्या अण्णांचं वय ५८. टेल्मिसार्टन ४०, अम्लोडिपिन ५ आणि मेटोप्रोलॉल २५ अशा तीन गोळ्या रोज चालू आहेत. तरी बीपी १६०/१०० च्या खाली येत नाही, कधी १८० वर जातो. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलवरून एक गोळी आणून खातात. तीन डॉक्टर झाले. त्यांना औषध लागूच पडत नाही असं आता घरात सगळे म्हणतात.
— वाचक, केज (जि. बीड)

उत्तर : तीन गोळ्या पूर्ण मात्रेत घेऊन, आणि त्यांत एक लघवी वाढवणारी असूनही, बीपी १४०/९० च्या वर राहत असेल तर त्याला ‘दाद न देणारा रक्तदाब’ म्हणतात. अण्णांच्या टेल्मिसार्टन आणि अम्लोडिपिन दोन्हींच्या मात्रा निम्म्या आहेत (पूर्ण मात्रा ८० आणि १०), आणि लघवीची गोळी तर नाहीच. त्यामुळे औषध लागू पडत नाही असं आत्ताच म्हणता येत नाही.

पहिल्यांदा गुडघ्याच्या गोळीचं पाकीट बघा. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफिनॅक, निमेसुलाइड, इटोरिकॉक्सिब यांपैकी काही असेल तर निम्मा उलगडा तिथंच झाला. ही औषधं शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि टेल्मिसार्टनचा परिणाम मारतात. त्यांच्या जोडीला लघवीची गोळी आली, वर मे महिन्याचं ऊन किंवा हगवण-उलटी आली, की किडनी चार-पाच दिवसांत बसते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ही भीती कागदावरची नाही. गुडघ्याला पॅरासिटामॉल ५०० ते ६५० मिलिग्रॅम, गरजेपुरतं, आणि मांडीच्या स्नायूंचा व्यायाम यांवर भागवा. सांधेदुखीवर बिननावाच्या पुड्या चालू असतील तर त्यांत स्टेरॉइड असण्याची शक्यता मोठी. बरेच दिवस घेतल्या असतील तर त्या एकदम बंद न करता डॉक्टरांना दाखवून कमी करा. ज्येष्ठमधाचा काढा, सर्दीच्या नाक मोकळं करणाऱ्या गोळ्या, अपचनावर रोज घेतलेला फसफसणारा सोडा, यांनीही बीपी चढतो. मिठाचा रोजचा हिशेब पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. त्यात ठेचा, लोणचं, पापड सगळं आलं.

मग मोजणी. दवाखान्यातला आकडा एकटा धरू नका. दंडाचं यंत्र घ्या, मनगटाचं नको. दंडाचा घेर टेपने मोजा : ३२ सेंटिमीटरच्या वर असेल तर मोठा पट्टा लागतो. लहान पट्ट्याने बीपी दहा अंकांनीसुद्धा जास्त दिसू शकतो. सदऱ्याची बाही वर गुंडाळून दंड आवळला जातो, त्यापेक्षा हात बाहेरच काढा. अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, लघवी करून या, पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बसा, पाय जमिनीवर सरळ, दंड छातीच्या पातळीला. पहिल्या दिवशी दोन्ही हातांना मोजा, पुढे ज्याचा आकडा जास्त तोच हात. सात दिवस सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. ती १३५/८५ च्या खाली असेल तर दवाखान्यात चढणारा बीपी भीतीचा आहे.

सरासरी वरच राहिली तर टेल्मिसार्टन ८०, अम्लोडिपिन १० (पायाला सूज येऊ शकते) आणि क्लोरथालिडोन १२.५ (हीच लघवी वाढवणारी गोळी) हा पुढचा टप्पा डॉक्टरांशी बोला. मेटोप्रोलॉल हृदयाच्या काही कारणाने दिलं आहे का ते विचारा, पण ते स्वतः एकदम सोडू नका. क्लोरथालिडोन सुरू झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा आकडा) तपासायचं. एवढं करूनही भागलं नाही तर चौथं औषध स्पायरोनोलॅक्टोन २५. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा रुग्णांवर तेच सरस ठरलं. मात्र टेल्मिसार्टनसोबत ते दिलं की पोटॅशियम वाढतं, म्हणून एका आठवड्याने आणि परत महिन्याने तपासणी हवीच. ‘कमी सोडियमचं’ म्हणून मिळणारं मीठ या काळात घरात आणू नका, त्यात पोटॅशियम असतं.

लपलेली कारणंही शोधायची. मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास अडकणं आणि दिवसा पेंग येणं असेल, तर झोपेची तपासणी. पोटॅशियम कमी, तर सकाळच्या रक्तात अल्डोस्टेरॉन आणि रेनिन या बीपीशी संबंधित संप्रेरकांचं गुणोत्तर. ही तपासणी स्पायरोनोलॅक्टोन सुरू होण्याआधी केलेली बरी. लघवीतलं अल्ब्युमिन, किडनीची सोनोग्राफी, थायरॉइड. धडधड, घाम आणि डोकेदुखी एकत्र झटक्याने येत असेल तर तेही सांगा.

आणि एक. बीपी १८० दिसला म्हणून जिभेखाली निफेडिपिनची कॅप्सूल फोडायची पद्धत अजून काही ठिकाणी आहे. बीपी धाडकन उतरून लकवा मारू शकतो, ती घेऊ नका. छातीत दुखणं, दम, बोलणं अडखळणं, हात-पाय लुळा पडणं, अंधुक दिसणं यांपैकी काही असेल तर तडक मोठं रुग्णालय. काहीच त्रास नसेल तर शांत बसून अर्ध्या तासाने परत मोजा.

प्रश्न : माझी बहीण १९ वर्षांची आहे. तीन वर्षांपासून फिट येतात. आधी फेनिटॉइन दिलं, आता कार्बामाझेपिन चालू आहे. उलट वाढल्यासारखं वाटतं. सकाळी उठल्यावर तिच्या हातून कप, तांब्या उडून पडतो, आई म्हणते धांदरट आहे. स्थळं बघणं चालू आहे.
— वाचक, कळमनुरी (जि. हिंगोली)

उत्तर : तुमच्या पत्रातला सगळ्यात मोलाचा तपशील म्हणजे उडून पडणारा तांब्या. किशोरवयात सुरू झालेल्या फिट आणि उठल्यानंतर तासाभरात हातांना बसणारे झटके, यावरून ‘जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी’ची दाट शंका येते. या प्रकारात कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन झटके वाढवतात. हा आजार चिवट नाही, योग्य औषधावर बहुतेक रुग्णांच्या फिट थांबतात. झटक्यांबद्दल कुणी विचारलं नाही आणि घरच्यांनी सांगितलं नाही, की औषध चुकतं.

रात्र जागवून ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख) करून घ्या, त्यात दोष पकडला जाण्याची शक्यता जास्त. मोबाइलवर सकाळच्या झटक्यांचा आणि फिटचा व्हिडिओ काढा. डोळे उघडे होते की मिटलेले, सुरुवात एका बाजूने झाली का, किती मिनिटं चाललं, हे त्यावरून कळतं. लांबलेला, कमी-जास्त होत राहणारा आणि डोळे घट्ट मिटलेला झटका मनाच्या ताणातून आलेला असू शकतो. तो खोटा नसतो, पण त्याला फिटच्या गोळ्या चालत नाहीत.

या प्रकारात व्हॅल्प्रोएट सगळ्यात प्रभावी आहे. पण मुलीला ते शक्यतो देत नाहीत : गरोदरपणात घेतलं तर दहातल्या साधारण एका बाळाला जन्मजात व्यंग राहतं आणि बुद्धीवरही परिणाम होतो. म्हणून आधी लेव्हेटिरासेटाम, सहसा २५० मिलिग्रॅम दोन वेळा सुरू करून वाढवत नेतात. चिडचिड वाढली तर डॉक्टरांना कळवा. जुनं औषध नवं बसल्यावर हळूहळू उतरवायचं, एका दिवसात कधीच नाही. लग्न ठरलं तर गर्भ राहण्याच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड. कार्बामाझेपिन चालू असेपर्यंत गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा धरू नका, त्यांचा असर कमी होतो.

झोप मोडणं हे या आजारात मोठं कारण. घरात जागरण-गोंधळ असेल, नवरात्रात तुळजापूरला रात्रीचा प्रवास असेल, तर तिला झोपू द्या. देवी रागवणार नाही. उपवासाच्या दिवशीही गोळी पाण्याबरोबर घ्यायचीच. विहिरीवर, नदीत, चुलीपाशी एकटी नको.

फिट आली की कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, घड्याळ बघा. कांदा, चप्पल, दातांत चमचा यांतलं काहीही नको. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्ध न येता दुसरी आली तर रुग्णालय. नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा वजनाप्रमाणे मात्रा लिहून घेऊन घरात ठेवता येतो.

दोन योग्य औषधं पुरेशा मात्रेत घेऊनही फिट थांबत नसतील तरच त्या मिरगीला औषधाला दाद न देणारी म्हणतात. असे साधारण तिसरा हिस्सा रुग्ण असतात. त्यांनी तिसऱ्या-चौथ्या गोळीत वर्षं घालवण्यापेक्षा एपिलेप्सीच्या पद्धतीने एमआरआय काढावा, कारण मेंदूच्या कानशिलाकडच्या भागात व्रण असेल तर शस्त्रक्रियेने निम्म्याहून जास्त जण फिटमुक्त होतात. मुंबईत केईएममध्ये आणि तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत ती होते. आपल्याकडे मेंदूतली जंताची गाठ हेही फिटचं नेहमीचं कारण आहे. ती डुकराचं मांस न खाणाऱ्यांनाही होते, कारण जंताची अंडी माणसाच्या विष्ठेतून भाजीवर आणि पाण्यात येतात.

स्थळाबद्दल : १९९९ च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यातून मिरगीची आडकाठी काढली आहे. तरी लपवून लग्न करू नका. लपवलेल्या गोळ्या चुकतात, आणि चुकलेल्या गोळीने फिट येते.

प्रश्न : वय ३२. सहा महिने लोहाच्या गोळ्या खातेय, हिमोग्लोबिन ८.२ वरून हलत नाही. पाळीत खूप जातं. पिशवी काढून टाका म्हणजे कटकट मिटेल असं एकानं सांगितलं.
— वाचक, आष्टी (जि. बीड)

उत्तर : गोळी चहाबरोबर किंवा कॅल्शियमबरोबर घेताय का? मग लोह शोषलंच जात नाही. दोन तासांचं अंतर ठेवा. गोळी नीट लागली तर महिन्याभरात हिमोग्लोबिन एक-दोन ग्रॅमने वाढायला हवं. नाही वाढलं तर तीच गोळी आणखी सहा महिने खाण्यात अर्थ नाही. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-१२ आणि पूर्ण रक्तगणना बघा. पेशी लहान पण त्यांची संख्या भरपूर, आणि फेरिटिन बरं असेल, तर थॅलेसेमियाचा वाहक असण्याची शंका. एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणाऱ्या तपासणीत, वाहक असेल तर, ए-टू हिमोग्लोबिन ३.५ टक्क्यांच्या वर दिसतं. तसं निघालं तर नवऱ्याचीही तपासणी हवी. किनवट-माहूरकडच्या वाचकांनी याच तपासणीत सिकल सेलही बघून घ्यावं. अनवाणी शेतात काम असेल तर अल्बेंडाझोल ४०० ची एक गोळी.

पाळीत एक-दोन तासांत पॅड भिजतं, गाठी पडतात, सात दिवसांच्या वर चालतं, तर गोळ्या एका बाजूने भरतात आणि दुसऱ्या बाजूने सांडतं. सोनोग्राफी करा. गाठ किंवा दुसरं कारण नसेल तर ट्रॅनेक्सामिक अ‍ॅसिड (पाळीचे पहिले तीन-चार दिवस) किंवा हार्मोन सोडणारी तांबी, यांनी बहुतेकींचा रक्तस्राव आटोक्यात येतो. पायाच्या शिरेत कधी गुठळी झाली असेल तर ट्रॅनेक्सामिक नको. लोह शिरेतूनही देता येतं. ३२ व्या वर्षी पिशवी काढणं हा रक्तक्षयाचा पहिला इलाज नव्हे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली, हे तुमच्या भागात वेगळं सांगायला नको. सोबत बीजकोष काढले तर हाडं पन्नाशीच्या आत ठिसूळ होतात. सही करण्याआधी दुसरं मत घ्या, अंबाजोगाईचं शासकीय महाविद्यालय किंवा संभाजीनगरची घाटी आहे.

प्रश्न : वडिलांना १२ वर्षांपासून शुगर. महिन्यापासून उजवा पाय सुजलाय, लाल, गरम लागतो. जखम नाही, फार दुखतही नाही. तीन आठवडे अँटिबायोटिक झालं, मग युरिक अ‍ॅसिड वाढलंय म्हणून गाउटची गोळी. ते शेतात जातच आहेत.
— वाचक, परतूर (जि. जालना)

उत्तर : त्यांना आज शेतात जाऊ देऊ नका. शुगरच्या माणसाचा एकच पाय सुजून गरम झाला, जखम नाही, ताप नाही आणि दुखणं सुजेच्या मानाने फारच कमी, तर पहिला संशय ‘शार्को’ पायाचा. नसा बधिर असल्याने मुरगळा, बारीक मोड कळत नाही, माणूस चालत राहतो आणि पायाची हाडं आतून भुगा होत जातात. न दुखणं हेच इथं लक्षण आहे, आणि त्यामुळेच कुणी घाबरत नाही.

घरी एवढं बघा : झोपवून पाय उशांवर दहा मिनिटं उंच धरा. लाली उतरली तर शार्कोकडे कल, तशीच राहिली तर जंतुसंसर्गाकडे. हे पक्कं निदान नव्हे. दोन्ही पायांचं तापमान त्वचेच्या थर्मामीटरने मोजतात, दोन अंशांहून जास्त फरक शार्कोत नेहमीचा. पहिल्या काही आठवड्यांत साधा एक्स-रे निर्दोष येऊ शकतो, म्हणून ‘एक्स-रे नॉर्मल’ ऐकून घरी येऊ नका, एमआरआय विचारा. शिरेत गुठळी नाही ना, यासाठी डॉपलर (रक्तप्रवाह बघणारी सोनोग्राफी).

उपचार गोळीत नाही, पायावरचा भार काढण्यात आहे. गुडघ्याखाली पूर्ण पायाला घट्ट बसणारं प्लास्टर घालतात. सूज उतरली की ते ढिलं पडून कातडी घासतं, म्हणून पहिलं आठवड्याच्या आत आणि पुढची एक-दोन आठवड्यांनी बदलावी लागतात. दोन्ही पायांच्या तापमानातला फरक दोन अंशांच्या आत येऊन टिकेपर्यंत प्लास्टर, म्हणजे तीन ते सहा महिने किंवा जास्तही. खरा घोळ इथं होतो : दीड महिन्यात सूज उतरते, माणूस प्लास्टर कापून कापूस वेचायला जातो, आणि तळव्याची कमान खाली बसते. मग तिथं जखम होते. अशी जखम झालीच तर तिच्यात घातलेली बारीक सळई हाडाला लागते का ते डॉक्टरांनी तपासायला हवं. हळद, चुना, हायड्रोजन पेरॉक्साइड काही लावू नका. पुढे जन्मभर मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या रबराच्या) तळव्याचं पादत्राण, घरातसुद्धा. मे महिन्यात देवळाच्या फरशीवर अनवाणी उभं राहून तळवे भाजलेले शुगरचे रुग्ण दरवर्षी येतात, कारण त्यांना चटका जाणवतच नाही.

प्रश्न : शेजारचा १४ वर्षांचा मुलगा पहाटे पोटात मुरडा आला म्हणून उठला. गॅसचं इंजेक्शन दिलं. सकाळी पापण्या पडल्या, बोलणं बोबडं झालं. व्हेंटिलेटरवर ठेवून वाचला. डॉक्टर म्हणाले मण्यार चावली. अंगावर खूण कुठंच नव्हती. मग ओळखायचं कसं?
— वाचक, भूम (जि. धाराशिव)

उत्तर : मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात एवढे बारीक की सूज नाही, आग नाही, खूण दिसेलच असं नाही. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला धडधाकट माणूस पहाटे पोटदुखी, उलटी, घसादुखी घेऊन उठला आणि थोड्या वेळात पापण्या जड झाल्या, एकाचे दोन दिसू लागले, तर दुसरं काही निघेपर्यंत ती मण्यारच समजा. एका श्वासात आकडे मोजायला सांगा. दर दहा-पंधरा मिनिटांनी आकडा घटत असेल, किंवा झोपून मान उचलता येत नसेल, तर श्वास जायला वेळ नाही. काचेच्या नळीत रक्त वीस मिनिटं ठेवून गोठतं का बघायची तपासणी घोणस-फुरशासाठी आहे. मण्यारीत रक्त व्यवस्थित गोठतं, म्हणून तेवढ्यावर घरी पाठवणं चूक.

१०८ ला फोन करा. कुशीवर झोपवा, कारण लाळ गिळता येत नाही. कापणं, चोखणं, करकचून दोरी बांधणं नको. सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर एकच आहे, शासकीय रुग्णालयात मोफत मिळते. सहसा दहा कुप्या सलाइनमधून तासाभरात देतात, लहान मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल बघून कमी विष सोडत नाही. अ‍ॅलर्जीसाठी अ‍ॅड्रिनॅलिन भरून ठेवायचं असतं.

पण मण्यारीचं विष नसांची टोकंच निकामी करतं. लस मोकळं विष पकडते, झालेलं नुकसान फिरवत नाही. त्यामुळे लस देऊनही श्वास थांबला तर लस वाया गेली असं नाही, आता यंत्राने श्वास द्यायचा. कृत्रिम श्वासाची पिशवी हाताने दाबत लातूर-अंबाजोगाईपर्यंत नेलेले रुग्ण वाचतात. नागाच्या दंशात निओस्टिग्मिन चांगलं चालतं, इथं फारसं नाही. व्हेंटिलेटरवरचा मुलगा हलत नाही, बाहुल्या मोठ्या आणि प्रकाशाला न हलणाऱ्या, म्हणून ‘मेंदू गेला’ असं वाटून नातेवाईक घरी न्यायला बघतात. असं करू नका. बाहुल्याही विषानेच लुळ्या पडलेल्या असतात आणि आत मूल सगळं ऐकत असू शकतं. दिवसांत, कधी आठवड्यांत ते उठतं.

याच पत्रात विंचवाच्या गोळीबद्दल विचारलंय. प्राझोसिनने विंचूदंशातले मृत्यू रोखता येतात हे जालना जिल्ह्यातून महाडला गेलेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवलं, पण सापाच्या विषावर ती चालत नाही. मण्यारीला सोपा उपाय बाज आणि मच्छरदाणी. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली खोचलेल्या हव्यात, नुसती लोंबती नको.

प्रश्न : आईचं वय ६२. डाव्या गालात करंट बसल्यागत कळ येते, तोंड धुताना, घास चावताना. दोन दाढा काढल्या, कळ तशीच. आता तिसरी काढायची म्हणतात.
— वाचक, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : तिसरी थांबवा. सेकंदभराची, विजेसारखी, एकाच बाजूची, वाऱ्याने किंवा पदर लागल्यानेही उठणारी कळ चेहऱ्याच्या नसेची असते. दाढेचं दुखणं ठणकतं, रात्री जागवतं, गार-गरम लागल्यावर रेंगाळतं. कार्बामाझेपिन १०० मिलिग्रॅम दोन वेळा सुरू करून दर दोन-तीन दिवसांनी वाढवतात, बहुतेकांना रोज ४०० ते ८०० पुरतं. त्याने कळ काही दिवसांत ओसरली तर निदानही पक्कं होतं. अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर गोळी त्याच दिवशी बंद करून डॉक्टर गाठा. चक्कर, गुंगी, तोल जाणं झालं तर मात्रा जास्त झाली असेल किंवा सोडियम उतरलं असेल, ते तपासा. गाल बधिर असेल, दोन्ही बाजूंना कळ असेल किंवा त्या बाजूचं ऐकू कमी येत असेल तर एमआरआय आधी. गोळ्यांनी भागेनासं झालं तर नसेवर दाबणारी रक्तवाहिनी शस्त्रक्रियेने बाजूला करता येते. तोवर जेवण कळीमुळे तुटतं असेल तर ठरलेली गोळी जेवणाच्या तासभर आधी बसेल अशी वेळ डॉक्टरांकडून लिहून घ्या, आणि भाकरी दुधात किंवा वरणात कुस्करून द्या.